पायरीचा मान



माउली, आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. शताब्दी म्हटली की सत्कार आलेच. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. जुने विणेकरी, पखवाजी, चोपदार, पिढ्यान् पिढ्या पंगत घालणारी घराणी, या सर्वांचा मान व्हायलाच हवा. पण सत्काराची यादी करायला बसलं की एक प्रश्न समोर येतो. वारकऱ्याने मान द्यायचा तो कोणाला, आणि कशासाठी?

मान हा शब्द वारीत रोजचा आहे. अश्वाचा मान, रथाच्या बैलजोडीचा मान, पूजेचा मान, अभंगाचा मान. रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, हे सगळे ठरलेले असते. त्या क्रमावरून कधी कधी शब्दाला शब्द लागतो, हेही आपण सगळे जाणतो. पण हा झाला चालण्याचा मान. संप्रदायाने सर्वांत मोठा मान कोणाला दिला हे पाहायचे असेल, तर आळंदीच्या आणि पंढरपूरच्या महाद्वारात उभे राहून खाली बघावे. तो मान पायरीला आहे.

आरफळचे हैबतबाबा

आळंदीच्या महाद्वाराची पायरी म्हणजे हैबतबाबांची पायरी. आपण तिच्यावर डोके टेकवल्याशिवाय आत जात नाही. कार्तिक वद्यात माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो तो या पायरीच्या पूजनाने.

हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. परंपरेने सांगतात ती हकीकत अशी. नोकरी आटोपून, मिळवलेले धन घेऊन ते गावाकडे निघाले असता सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना पकडले आणि डांबून ठेवले. तिथे त्यांनी हरिपाठ धरला. सुटका झाली तेव्हा हा दुसरा जन्म माउलींनी दिला असे मानून ते आळंदीला आले आणि तिथलेच झाले.

त्याआधी पालखी नव्हती असे नाही. तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला होता, आणि माउलींच्या व तुकोबांच्या पादुका एकत्रच पंढरीला जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था दिली. आजही अंकलीहून अश्व चालत आळंदीला येतात.

पण हैबतबाबांचे मोठे काम म्हणजे शिस्त. फौजेत वावरलेला माणूस होता तो. हजारो माणसे ऊन-पावसात चालवायची, मुक्कामाला उतरवायची, पहाटे पुन्हा उठवायची, हे भावनेच्या भरात होत नाही. कोणती दिंडी कुठे, केव्हा निघायचे, कुठे थांबायचे, हे त्यांनी लावून दिले. संध्याकाळची समाजआरती आठवून बघा. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळांचा गजर चाललेला. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, आणि मग आरती होते. म्हणजे ज्याचे काही दुखते आहे त्याचे ऐकल्याशिवाय देवाची आरती नाही. ही रीत ज्या वाटेवर आहे, तिचा पाया या सरदाराने घातला. आणि त्याची जागा कुठे? पायरीत.

महाद्वाराबाहेरची दोन ठिकाणे

आता पंढरपूरला या. महाद्वारात नामदेव पायरी आहे. नामदेवराय पंजाबपर्यंत गेले, तिथल्या शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत. एवढा फिरलेला, एवढा मानलेला संत. १३५० साली समाधी घेताना जागा मागितली ती मात्र पायरीची. देवाच्या दर्शनाला येणाऱ्या संतांचे पाय आपल्या माथ्यावर पडावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. नामदेवांनी पायरी मागून घेतली. चोखोबांना मात्र पायरीच्या आत येऊ दिलेच नव्हते, हे नीट लक्षात घ्यायला हवे.

चोखोबा मंगळवेढ्याचे, महार समाजातले. घरातली सगळी माणसे विठ्ठलाची आणि सगळी अभंग रचणारी. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा. शाळा नाही, देवळात प्रवेश नाही, गावाच्या वेशीबाहेर घर, आणि त्या घरातल्या पाच जणांचे अभंग आजही गायले जातात. अवघ्या मराठी मुलखात असे दुसरे घर दाखवणे कठीण आहे. त्यातही सोयराबाईंनी सोवळे-ओवळे म्हणजे काय, विटाळ कुठे असतो, असे थेट प्रश्न अभंगातून केले. कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला. चौदाव्या शतकात हे बोलायला केवढे धैर्य लागले असेल!

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. परंपरा हे साल १३३८ सांगते. नामदेवराय तिथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशा ओळखून त्यांनी त्या पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. सहाशे वर्षे चोखोबांच्या समाजाची माणसे वारीला येत राहिली. चंद्रभागेत स्नान करायचे, चोखोबांच्या समाधीला मिठी मारायची, कळसाकडे पाहून हात जोडायचे आणि माघारी फिरायचे. ज्या दाराने त्यांना आत घेतले नाही, त्या दाराशी दरवर्षी चालत यायचे. वारी टिकली ती ज्यांना दर्शन मिळाले त्यांच्यामुळे, तशी ज्यांना मिळाले नाही त्यांच्यामुळेही टिकली. आपल्या सत्कारात या समाजाची निष्ठा पहिल्या ओळीत यायला हवी, ती याचसाठी.

विद्येची पायरी

एक पायरी विद्येचीही होती. कीर्तन-प्रवचन सांगायचे तर ग्रंथ यायला हवेत, आणि ग्रंथ शिकवणारी ठिकाणे मोजकी. पुण्याचे विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. खेड्यापाड्यांतली गरीब मुले तिथे आली. माधुकरी मागायची, इंद्रायणीच्या काठी राहायचे, ज्ञानेश्वरी आणि गाथा पाठ करायची. बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर यांच्यासारखी माणसे जोगमहाराजांच्या हाताखाली घडली. जोगमहाराज १९२० साली गेले. संस्थेची जेमतेम तीन वर्षे त्यांनी पाहिली. पण आज गावोगाव सप्ताहात उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार त्या रोपाचीच फळे आहेत.

खराटा आणि धर्मशाळा

त्याच काळात पंढरपूरच्या वाळवंटात हातात खराटा घेतलेला एक माणूस दिसे. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, डोक्यावर फुटके गाडगे. वऱ्हाडातल्या शेंडगावी १८७६ साली परीट समाजात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. १९०५ साली घर सोडले आणि मग उभ्या महाराष्ट्राची गावे झाडली. दिवसा रस्ता साफ, रात्री कीर्तन. कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने मुलांना शिकवा म्हणून जितके सांगितले तितके भल्या शिकलेल्यांनी सांगितले नसेल.

गाडगेबाबांनी पाहिले की वारीला आलेल्या अस्पृश्य समाजाच्या माणसांना पंढरपुरात टेकायला जागा मिळत नाही. देवळाचे दार आपल्या हातात नाही, पण निवाऱ्याचे दार तर उघडता येईल! लोकांकडून मागून त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा उभी केली आणि तिला नाव दिले चोखामेळ्याचे. पुढे १९४९ साली ही चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्याच्या आदल्याच वर्षी बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला होता. नंदनार, रविदास आणि आपले चोखामेळा. १९५६ च्या डिसेंबरात, सहा तारखेला बाबासाहेब गेले आणि वीस तारखेला गाडगेबाबा.

दहा दिवस

आपली दिंडी चालू लागली तेव्हाही पांडुरंगाचे दार सर्वांना उघडे नव्हते. आपल्या शंभरातली पहिली वीसएक वर्षे तशीच गेली. एकाच वाटेने चालायचे, एकच नाम घ्यायचे, आणि महाद्वाराशी पोहोचल्यावर काहींनी आत जायचे, काहींनी बाहेर थांबायचे. ज्यांची आजी-आजोबा त्या काळात चालली त्यांच्या घरांत ही आठवण अजून असेल.

ते दार उघडले साने गुरुजींनी. ‘श्यामची आई’ लिहिणारे, हळव्या मनाचे, बोलता बोलता डोळे भरून येणारे. स्वातंत्र्य जवळ आले होते. देश मोकळा होणार आणि पांडुरंग कोंडलेला राहणार, हे त्यांना सोसेना. आधी लोकांना समजावावे म्हणून ते गावोगाव हिंडले. सेवा दलाची तरुण पोरे बरोबर होती. या दौऱ्यात कितीतरी गावांनी आपली देवळे आणि पाणवठे खुले केले. पंढरपूरचे दार मात्र बंदच होते. तेव्हा १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले.

बसले कुठे, हे आपण वारकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. गावात विरोध होता. अशा वेळी जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे एका वारकरी फडानेच. पंढरपुरात राहून, सनातनी मंडळींचा रोष पत्करून, मठाचे दार उघडे ठेवणे सोपे नव्हते.

मे महिन्याचा उन्हाळा, आणि गुरुजींच्या पोटात अन्न नाही. मध्येच गांधीजींची तार आली, उपोषण थांबवा म्हणून. त्यांच्यापर्यंत अपुरी माहिती पोहोचली होती. गुरुजी गांधीजींना दैवताप्रमाणे मानत. तरी त्यांनी नम्रपणे नकार दिला. दहा दिवस त्यांनी काढले. अखेर बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्याचे मान्य केले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, त्याच्या तीन महिने आधी पांडुरंग मोकळा झाला. अनेकांना तेव्हा वाटले की देऊळ बाटेल, वारी मोडेल. वारी मोडली नाही. उलट पूर्वी कधी नव्हती एवढी मोठी झाली.

आता आपली यादी

या सगळ्यांत सारखेपणा काय आहे बघा. सरदार, शिंपी, महार, परीट, शिक्षक. कोणी मान मागितला नाही. ज्याला वाट नव्हती त्याच्यासाठी वाट केली, किंवा ज्यांना वाट दिली नाही त्यांनी चालणे सोडले नाही. संप्रदायाने त्यांची आठवण पायरीशी ठेवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओलांडून जाता येऊ नये.

तेव्हा शताब्दीचा मान देताना आपणही जरा खाली बघूया. पहाटे दोनला उठून चुली पेटवणाऱ्या बाया. ट्रकमधून सामान उतरवून राहुट्या ठोकणारी पोरे. मुक्कामाच्या गावी फुकट दाढी-हजामत करणारे नाभिक बांधव, तुटलेल्या वहाणा शिवून देणारे चर्मकार बांधव. पायाचे फोड बांधणारे डॉक्टर. पूर्वी पटकीच्या साथी आल्या तेव्हा आजाऱ्याला वाटेत टाकून न जाणारे वारकरी. आणि २०२० साली माउलींच्या पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या, तेव्हा घरच्या अंगणात, शेताच्या बांधावर टाळ घेऊन नेम सांभाळणारी आपली म्हातारी माणसे. यांतल्या पुष्कळांची नावे दिंडीच्या वहीत नाहीत. ती आता गावोगाव विचारून लिहून घ्यावीत, अजून सांगणारे आहेत तोवर.

आणि येत्या आषाढीला महाद्वारात पोहोचल्यावर घाई करू नये. रांग लांब असली तरी असू द्यावी. नामदेव पायरीला माथा टेकवावा, मग वळून चोखोबांच्या समाधीला टेकवावा. बरोबरच्या पोराबाळांना पाचही नावे सांगावीत. चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा. ती त्यांच्याकडून एकदा म्हणून घ्यावीत आणि मग आत जावे.

राम कृष्ण हरी.