वय आणि स्त्रीबीज: मूल हवं असेल तर वेळेचा हिशोब का ठेवावा?

निकाहाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा बोट सुनेकडेच जातं. दुसरीकडे शिक्षण, नोकरी, घराचे हप्ते यामुळे अनेक घरांत लग्न आणि पहिलं मूल दोन्ही पुढे ढकललं जातं. म्हणून वयानुसार स्त्रीच्या शरीरात नेमकं काय बदलतं, हे नवरा-बायकोने आणि घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यायला हवं.

बीजांचा साठा जन्मापासूनच ठरलेला

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत नव्याने तयार होतात. स्त्रीचं तसं नाही. तिची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या गर्भात ती ६० ते ७० लाख असतात. जन्मावेळी १० ते २० लाख आणि पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात. यातली जेमतेम ४०० ते ५०० बीजं आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या म्हणून ही घट थांबत नाही.

संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा

३८ वर्षांच्या स्त्रीचं बीजही ३८ वर्षांचंच असतं. जन्माआधी त्याचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं आणि ते बाहेर पडण्याच्या वेळी पुढे सरकतं. या विभाजनात ४६ गुणसूत्रांतली बरोबर २३ बीजात राहायला हवीत. वर्षं जातात तशी गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं सैल होतात आणि वाटणी चुकते. अशा बीजातून बऱ्याचदा गर्भ राहतच नाही, राहिला तर गर्भपात होतो, किंवा बाळात डाऊन सिंड्रोमसारखा दोष येतो.

प्रजननक्षमता साधारण ३२ नंतर हळूहळू आणि ३७ नंतर वेगाने घटते. विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता चारात एक असते. चाळिशीत ती दहात एकाच्या आसपास येते. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या पंचविशीत साधारण १,२५० मध्ये एक, तर चाळिशीत १०० मध्ये एक असते. तरीही चाळिशीतल्या बहुतेक मातांची मुलं निरोगीच असतात. म्हणून घाबरायचं नाही, पण गरोदरपणातल्या तपासण्या टाळायच्याही नाहीत.

काही गैरसमज

*“पाळी नियमित येते, मग काय अडचण?”* नियमित पाळी ही चांगली खूण आहे, पण त्यावरून बीजाचा दर्जा कळत नाही.

*“एएमएच चांगला आला.”* या रक्ततपासणीतून साठ्याचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

*“शेवटी टेस्ट ट्यूब आहेच.”* आयव्हीएफमुळे बीजाचं वय कमी होत नाही. स्वतःच्या बीजाने मिळणारं यश चाळिशीनंतर झपाट्याने घटतं आणि ४५ नंतर फार क्वचित मिळतं.

आपल्या घरांसाठी एक खास मुद्दा

वय जास्त असेल तर डॉक्टर बऱ्याचदा दुसऱ्या स्त्रीचं बीज घेण्याचा पर्याय सुचवतात. १९८० मध्ये इजिप्तमधून आलेल्या फतव्याने निकाह कायम असताना पतीचे शुक्राणू आणि पत्नीचं बीज वापरून केलेला उपचार जायज ठरवला, मात्र तिसऱ्या व्यक्तीचं बीज किंवा शुक्राणू घेण्यास मनाई केली. बहुतेक सुन्नी उलेमांचं मत हेच आहे. ज्या कुटुंबाला हा पर्याय मान्य नाही, त्यांच्यासाठी पत्नीचं वय आणखी महत्त्वाचं ठरतं. उपाय, ताविज, दहा जणांचे सल्ले यात गेलेली चार वर्षं परत मिळत नाहीत. दुआ जरूर करा, सोबत तपासणीही करा. शंका असल्यास आपल्या आलिमांशी बोला.

डॉक्टरकडे कधी जावं?

- पत्नीचं वय ३५ पेक्षा कमी असेल तर एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास.
- ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांनी.
- चाळिशी ओलांडली असेल तर लगेच.
- पाळी अनियमित असेल, पूर्वी पोटाचा टीबी झाला असेल, बीजांडकोशाचं ऑपरेशन झालं असेल किंवा आईची पाळी लवकर बंद झाली असेल, तर वाट न पाहता.

कॅन्सरचा उपचार सुरू होणार असेल, तर त्याआधीच बीज गोठवून ठेवण्याबद्दल विचारा.

बीजाचा दर्जा वाढवण्याची खात्री देणारं कोणतंही औषध नाही. धूम्रपान मात्र बंद करा, त्याने पाळी लवकर जाते. वजन आणि थायरॉईड आटोक्यात ठेवा. मूल हवं असं ठरताच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अॅसिड सुरू करा.

आणि पहिल्याच भेटीत पतीची वीर्य तपासणी करून घ्या. मूल न होण्याच्या बऱ्याच प्रकरणांत कारण पुरुषात किंवा दोघांतही सापडतं. ही तपासणी सोपी आणि स्वस्त असते. ती टाळून फक्त सुनेच्याच तपासण्या करत राहिलं, तर तिच्या वयाची मोलाची वर्षं वाया जातात.