नाणं, कॅप्सूल आणि विमानाची दुसरी बाजू



टेबलावर जे ठेवलंय ते मागच्या रांगेतून दिसणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून आधी वर्णन करतो. अंगठ्याएवढं, प्लॅस्टिकचं, पांढरट-करड्या रंगाचं एक यान. पुढे निळ्या काचेचा फुगा, त्यात वैमानिक बसतो असं समजायचं. हे आर-नाइन. आयरेम या जपानी कंपनीने १९८७ साली ‘आर-टाइप’ नावाचा व्हिडिओ गेम काढला, त्यातलं हे यान. खेळणं मात्र गेमनंतर बऱ्याच वर्षांनी आलं, तेही यंत्रात नाणं टाकून, खटका फिरवून, गोल कॅप्सुलमधून.

आता कुणी म्हणेल, इतिहासाच्या व्याख्यानात हे पोरांचं खेळणं कशाला? रास्त प्रश्न आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभं राहिलं की त्याचं निम्मं उत्तर मिळतं. कुणीतरी वेळीच गोळा केलं, म्हणून आज आपण त्या अडकित्त्यांकडे बघून घडवणाऱ्याच्या हाताविषयी बोलू शकतो. उरलेलं निम्मं उत्तर आज शोधू.

आधी यंत्राची गोष्ट. नाणं टाकलं की च्युइंगम किंवा छोटं खेळणं देणारी यंत्रं मूळची अमेरिकेतली. जपानात त्यांचा धंदा १९६५ साली सुरू झाला. ऱ्यूझो शिगेता यांनी ‘पेनी शोकाई’ ही कंपनी काढली ती १७ फेब्रुवारीला, आणि तो दिवस आजही तिथे ‘गाचाचा दिवस’ म्हणून ओळखला जातो. कंपनीच्या नावातला ‘पेनी’ कुठून आला, ते सांगायला नको. सुरुवातीला एका खेळण्याला दहा येन पडायचे. खटका फिरवताना होणारा आवाज ‘गाचा’, आणि कॅप्सूल खाली पडल्याचा आवाज ‘पोन’. आपण खडखड, धप्प म्हणतो ना, तशातलाच हा प्रकार. आवाजाचंच नाव झालं. पुढे बांदाईने ‘गाशापोन’ हे नाव आपल्या नावावर नोंदवून घेतलं, तेव्हा त्या आवाजालाही मालक मिळाला!

बांदाई या धंद्यात उतरली १९७७ साली. बाजारात दहा-वीस येनचा भाव चालू असताना तिने शंभर येनचं यंत्र आणलं. पाचपट-दहापट भाव म्हणजे धाडसच. पण शंभर येनमध्ये माल चांगला देता येत होता, आणि लोकांच्या ओळखीच्या पात्रांचे हक्क विकत घेता येत होते. १९८३ पासून आलेल्या ‘किन्निकुमान’ या कुस्तीगीर पात्रांच्या एकरंगी रबरी बाहुल्या सुमारे १८ कोटी खपल्या, असा हिशेब दिला जातो. १९९४ मध्ये दोनशे येनच्या रंगीत, बारकाईने घडवलेल्या बाहुल्यांची मालिका आली. इथे गिऱ्हाईक बदललं, बघा. शाळकरी पोराच्या शेजारी आता कमावता माणूस येऊन उभा राहिला. लहानपणी नाणी मोजून खेळलेला माणूस आता पगाराच्या पैशाने खटका फिरवायला लागला.

तो लहानपणी काय खेळला होता? १९७८ साली तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, तोमोहिरो निशिकादो यांनी केलेला. मग नामकोचे ‘गॅलाक्सियन’ १९७९ मध्ये आणि ‘गॅलागा’ १९८१ मध्ये. त्यानंतर ‘झेवियस’, त्यातलं सोल्वालू हे यान. १९८५ मध्ये कोनामीचा ‘ग्रॅडियस’ आणि त्यातलं विक वायपर. दोनच वर्षांनी आपलं हे आर-नाइन. या खेळांत माणसाचा चेहरा जवळपास दिसतच नाही. नायक म्हणजे ते यानच. म्हणून ही पिढी आठवणीत ठेवते ती यानांची नावं.

पुढे, नव्या शतकाच्या पहिल्या दशकात, युजिन या कंपनीने कॅप्सुलमधून एक मालिका काढली. नाव ‘शूटिंग गेम हिस्टोरिका’. नावातच इतिहास आहे. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची यानं एका मालिकेत, एका मापाच्या कॅप्सुलात आली. कोणत्याही एका गेम कंपनीने आपल्या इतिहासात शेजाऱ्याला अशी जागा दिली नसती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘गॅलागा’तलं यान पडद्यावर केवढं? सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच. दोनशे छप्पन्न चौकोन, आणि त्यातलेही बरेच रिकामे. तेही फक्त वरून दिसणारं. ‘ग्रॅडियस’ आणि ‘आर-टाइप’ची यानं बाजूने दिसतात. म्हणजे चित्रकाराने एकच बाजू काढली. दुसरी बाजू काढायची गरजच नव्हती, पडद्याला पाठ नसते.

पण खेळण्याला पाठ असते, पोटही असतं. मग साचा घडवणाऱ्याने काय करायचं? त्याच्यापुढे पुरावे कोणते? गेमचं जाहिरातपत्रक, यंत्राच्या पेटीवरचं रंगीत चित्र, माहितीपुस्तिकेतली रेखाटनं. आणि एक बारीक पुरावा. यान वर-खाली जाताना किंचित कलतं, तेव्हा क्षणभर त्याची वरची किंवा खालची बाजू दिसते. एवढ्यावरून पूर्ण यान उभं करायचं. काही यानांच्या बाबतीत खुद्द गेमवाल्यांनीच हे काम पुढे नेलं. नामकोने १९९१ मध्ये ‘सोल्वालू’ हा त्रिमितीय गेम काढला. आयरेमने २००३ च्या ‘आर-टाइप फायनल’मध्ये आर-नाइनच्या घराण्यातली १०१ यानं उभी केली. पण बाकीच्या यानांचं काय? तिथे साचाकाराने अंदाज बांधला. तुटक्या शिलालेखातली गळलेली अक्षरं आपण कंसात भरतो ना, तसंच हे. फरक एवढाच की खेळण्याला कंस घालता येत नाहीत. पुरावा कुठे संपला आणि अंदाज कुठून सुरू झाला, हे त्यावर लिहिलेलं नसतं. आणि एकदा खेळणं हातात आलं की आपली आठवणही त्याच आकाराची होऊन बसते. आम्हाला आज आर-नाइनची पाठ ‘आठवते’. पडद्यावर तर ती कधी नीट पाहिलीच नव्हती!

हे काम करणाऱ्याचं नाव काय? बहुतेक वेळा खेळण्याबरोबर येत नाही. मूळ गेमचीही तीच गत. ऐंशीच्या दशकात जपानी गेम कंपन्या कामगारांची खरी नावं शेवटच्या यादीत द्यायला नाखूश असत. दुसरी कंपनी माणूस पळवील ही भीती. म्हणून यादीत टोपणनावं. म्हणजे आधी चित्रकार अनामिक, मग साचाकार अनामिक. दोघांच्या कामाचा पुरावा म्हणून ही अंगठ्याएवढी वस्तू उरते. म्हणून आम्ही तिला साधन मानतो, निव्वळ हौस नाही.

हौसेचा हिशेबही सांगायला हवा, नाहीतर एकच बाजू सांगितल्यासारखं होईल. समजा मालिकेत सहा यानं आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे. सहाच वेळा खटका फिरवून सहाही मिळण्याची शक्यता शंभरात जेमतेम दीड. संच पूर्ण व्हायला सरासरी साधारण पंधरा वेळा फिरवावं लागतं. दोनशे येनच्या भावाने जवळपास तीन हजार येन झाले, आणि घरात नऊ यानं दुबार. प्रत्यक्षात पेटीत माल ठरावीक प्रमाणात भरलेला असतो, त्यामुळे आकडा थोडा हलतो, पण दुखणं तेच. या दुबार मालाला जपानीत ‘दाबुरी’ म्हणतात. अदलाबदल चालते ती याच दाबुरीवर. अकिहाबारातल्या दुकानांत उघडलेलं खेळणं थेट विकतही मिळतं, म्हणजे नशिबाऐवजी भाव.

हीच ‘गाचा’ची युक्ती पुढे मोबाइलच्या खेळांत गेली. ठरावीक संच पूर्ण केला तरच मोठं बक्षीस, या ‘कंप्लीट गाचा’ प्रकारावर २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने बडगा उगारला. पण कंप्लीट नसलेला गाचा चालूच राहिला. तिथे पैसे टाकून मिळालेलं यान सर्व्हर बंद झाला की नाहीसं होतं. कॅप्सुलमधलं यान निदान हातात राहतं.

राहतं, पण किती दिवस? मऊ प्लॅस्टिकमधला तेलकट अंश वर येतो, खेळणं चिकट होतं. बारीक तोफा वाकतात. गरम पाण्यात बुडवून, सरळ करून, लगेच थंड पाण्यात धरल्या तर काही काळ टिकतात. मूळ गेमचे सर्किट बोर्डही मरतात. काहींमध्ये तर बॅटरी संपली की गेमच चालत नाही. टोकियोत इकेबुकुरोच्या एका दुकानात २०२१ मध्ये ३,०१० यंत्रं एका ठिकाणी मांडून विक्रम झाला. वस्तू येण्याचा वेग असा आहे. जपण्याचा वेग तेवढा नाही.

म्हणून जाता जाता एकच विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे अशा वस्तू असतील, किंवा जपानात राहणारा भाचा-पुतण्या आणत असेल, तर यानाबरोबर कॅप्सुलमधली घडीची चिठ्ठी फेकू नका. मालिकेचं नाव, कंपनी, हक्काची ओळ, संचात काय काय होतं, हे सगळं त्या चिठ्ठीवर असतं. तारीख नसेल तर मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, कुठे मिळालं तेही लिहा. यान देखणं आहे, ते कुणीतरी जपेलच. चिठ्ठी जपणारा क्वचित भेटतो, आणि पुढचा अभ्यासक आधी चिठ्ठीच मागणार आहे.

आता हे यान पुढच्या रांगेपासून फिरवतो. हातात घ्या आणि पालथं करून बघा. पडद्यावर जे कधीच नव्हतं, ते तिथे आहे.