पेशींचे विरजण

स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोलवर असते. त्यामुळे त्याचा कर्करोग बहुधा उशिरा कळतो. असा दडलेला रोग अभ्यासायचा कसा? एक मार्ग म्हणजे रोग्याच्या गाठीतील पेशी शरीराबाहेर वाढवणे.

आमच्या हर्सूलमध्ये घरचे विरजण संपले, की शेजारून चमचाभर आणतात. दही संपते, विरजण चालू राहते. पेशींचेही तसेच. पोषक द्रवात त्या वाढल्या, की थोड्या नव्या पात्रात घालायच्या. निरोगी पेशी काही विभाजनांनंतर थांबतात. कर्करोगाच्या काही पेशी थांबत नाहीत. त्यांच्या अखंड परंपरेला पेशीवंश किंवा सेल लाइन म्हणतात.

असा पहिला मानवी पेशीवंश, 'हेला', १९५१ साली बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. पेशी हेन्रिएटा लॅक्स यांच्या होत्या. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पुढे याच गाय यांच्याकडे काम केले. १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

१९६६ साली मात्र एक धक्का बसला. निरनिराळ्या नावांनी वाढवले जाणारे अनेक पेशीवंश प्रत्यक्षात हेलाच आहेत, असे स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले. एका विरजणात दुसरे मिसळले होते!

यात बिघडते काय? स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे दोन प्रसिद्ध पेशीवंश पाहू. दोन्ही १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले : ५६ वर्षांच्या पुरुषाच्या गाठीतून 'पँक-१' आणि ६५ वर्षांच्या पुरुषाच्या गाठीतून 'मिया पाका-२'. दोहोंतही के-रास या जनुकात बदल आहे. या कर्करोगाच्या सुमारे ९० टक्के रोग्यांत तो आढळतो. के-रास प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीन असते. मिया पाका-२ मध्ये तेथे सिस्टीन, तर पँक-१ मध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे. सोटोरासिब हे औषध त्या सिस्टीनलाच चिकटते. त्याला २०२१ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या एका कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मिया पाका-२ ची वाढ ते रोखते, पँक-१ ची नाही. पात्रांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, तर निष्कर्षच उलटा होईल! म्हणून आता डीएनए तपासून पेशींची ओळख पटवतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवल्या जातात.

ओळख पटली तरी एक मर्यादा उरते. शरीरात या गाठीभोवती दाट तंतुमय वेष्टण असते, औषधाला ते अडवते. पात्रात ते नसते. म्हणून 'पेशी मेल्या' म्हणजे 'रोग बरा झाला' नव्हे. अशी बातमी वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना दोन प्रश्न जरूर विचारायला सांगावे : पेशी कोणाच्या, आणि पुढे शरीरात काय घडले?