घरातला नट-बोल्टांचा डबा
हातोडी, पक्कड, पाना आणि सुट्या नट-बोल्टांचा डबा: किरकोळ दुरुस्तीसाठी घरात एवढे तरी हवेच. यांपैकी हातोडी पुरातन. डबा मात्र अलीकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील प्रत्येक कारखाना स्वतःच्या मर्जीने आटे पाडी. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेना. मग जुने नट जपून काय उपयोग?

जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट जमवून मोजले आणि १८४१ मध्ये एकच प्रमाण मांडले: आट्याचा कोन ५५ अंश, प्रत्येक जाडीला दर इंची ठरावीक आटे. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंश सुचवले (कारागिराला ते सोपे, हे त्याचे म्हणणे खरेच होते).

या पाच अंशांची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. दोस्त राष्ट्रे एक. त्यांचे नट-बोल्ट मात्र एकमेकांना बसेनात. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा एका प्रमाणावर आले ते १९४८ मध्ये, आणि कोन ठरला ६० अंशांचा.