इंजिन बदललेली गाडी

वसईवर लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा किल्ल्यापाशी सुरू होते आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयापाशी विसावते. फार तर ती सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत मागे जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तालुक्यातली वाडी, बंदर आणि बाजार ज्याने एकमेकांना बांधले, ते डिझेल इंजिन या लेखनात क्वचितच भेटते. त्याचा माग काढायचा तर बखरी आणि शिलालेख उपयोगाचे नाहीत. गाडीचे नोंदणी पुस्तक, म्हणजे बोलण्यातले आरसी बुक, उघडावे लागते. त्यात दोन क्रमांक असतात, एक चासीचा आणि दुसरा इंजिनाचा. कायद्याच्या दृष्टीने ही जोडी कारखान्यात जमलेली आणि भंगारात जाईपर्यंत टिकणारी. जुन्या मालवाहू गाड्यांत मात्र ती पुष्कळदा मोडलेली असते. चासी एका कंपनीची, इंजिन दुसऱ्या कंपनीचे, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीतून आलेला. इथली जुनी डिझेल गाडी कारखान्यात एकदा तयार होत असेल, पण गॅरेजात ती पुन्हा दोन-तीनदा तयार होते, आणि या दुसऱ्या जन्माला खारी हवा, तेलाचे भाव आणि कायदा हे तिघे कारण आहेत, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात मात्र गाडीपासून नाही, विहिरीपासून करावी लागते. वसईच्या केळीच्या बागा, पानवेली आणि भाजीचे वाफे विहिरींवर आणि बावखलांवर पोसले गेले. पाणी रहाटाने निघे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये उभी राहिली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत एक सिलिंडरचे डिझेल इंजिन महाराष्ट्रभर विहिरीच्या काठावर जाऊन बसले. शेजारच्या गुजरातेत राजकोटला लिस्टर घडणीची इंजिने बनवणारे कारखाने निघाले. या इंजिनाला बॅटरी नसे. झडप उघडी ठेवणारी कळ वर करायची, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा आणि नेमक्या क्षणी कळ सोडायची. कळ सोडताच सिलिंडरमधली हवा दाबली जाते, तापते आणि फवारलेले तेल ठिणगीशिवाय पेटते. रुडॉल्फ डिझेलचे चालते इंजिन १८९७ चे; त्यातले तत्त्व वाडीतल्या पोराला हँडलच्या धक्क्यातून मनगटात कळत असे. इंजिनात दाब आहे की गेला, हे ओळखायला त्याला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. पुढे अशा पोरांना गॅरेजात कॉम्प्रेशन म्हणजे काय, ते शिकवावे लागले नाही.

दुसरी शाळा बंदरावरची. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इथल्या मच्छीमार होड्यांवर शिडाच्या जोडीला आणि मग शिडाच्या जागी इंजिन आले. समुद्रासाठी खास घडवलेले इंजिन महाग असते. म्हणून ट्रकचेच इंजिन घेऊन ते समुद्राला लावण्याची रीत पडली. अशोक लेलँडसारख्या कंपन्या आपल्या ट्रक-इंजिनांच्या सागरी आवृत्त्या स्वतःच विकू लागल्या. असे रूपांतर म्हणजे मुख्यतः गार करण्याची व्यवस्था बदलणे. ट्रकमध्ये रेडिएटरवर वारा लागतो. होडीच्या पोटात वारा कुठला? तिथे खारे पाणी पंपाने आत घेऊन त्याच्या नळ्यांभोवती इंजिनातले गोडे पाणी फिरवतात. गिअरबॉक्स बदलतो, कारण पंख्याला चाकापेक्षा वेगळी गती लागते. एकाच घडणीचे इंजिन रस्त्यावर आणि पाण्यात दोन्हीकडे चालते, हा धडा या किनाऱ्याने असा गिरवला.

तिसरी शाळा रस्त्याची. ‘टेम्पो’ हा शब्द आज मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला लावतात. मूळचे ते जर्मनीतल्या हार्बुर्गच्या एका कारखान्याच्या मालाचे नाव. त्याच्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली. तीनचाकी हॅन्सिएट आधी गोरेगावला तयार होई. कारखाना पुढे आकुर्डीला गेला. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, पण भाषेने ते मनावर घेतले नाही. टाटाची गाडीही टेम्पोच, महिंद्राचीही टेम्पोच.

सुरुवातीच्या छोट्या गाड्या पेट्रोलवरच्या होत्या. हॅन्सिएटचे दोन-स्ट्रोक इंजिन पेट्रोल पिई, महिंद्राच्या विलीज जीपचेही. मोठ्या वाहनांत बदल आधी झाला. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या डॉज आणि फार्गो ट्रकांना पर्किन्सचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन बसू लागले, आणि टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून डिझेल ट्रकच बनवायला घेतले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले. डिझेल शेतीचे आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून सरकारने स्वस्त ठेवले. दोन्ही भावांतली ही दरी पुढची चाळीस वर्षे राहिली, आणि माझ्या मते इंजिन बदलण्याच्या धंद्याचा खरा आश्रयदाता हीच दरी. धडधाकट पेट्रोल गाडी मालकाला रोज तोट्यात घालू लागली. गाडी विकावी तर गिऱ्हाईक नाही. मग इंजिन उतरवावे आणि डिझेल चढवावे, हा हिशेब कोणालाही सुचणारा होता.

महिंद्राने स्वतः तेच केले. कांदिवलीला इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता. त्याचे सुमारे २३५० घनसेंटीमीटरचे इंजिन जीपमध्ये आले. नंतर १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचे २११२ घनसेंटीमीटरचे इंजिन आले. बजाज टेम्पोच्या मॅटेडोरला डेमलरचे ओएम ६१६ मिळाले. जर्मनीत मर्सिडीझ २४० डी या मोटारीत बसणारे हे २.४ लिटरचे इंजिन आपल्याकडे कोबी, बर्फ आणि मंडपाचे बांबू ओढू लागले. टाटाची ४०७ १९८६ ची, टाटामोबाईल पिकअप १९८८ ची. याच सुमारास जपानी सहकार्याच्या चार कंपन्या हलक्या ट्रकांच्या बाजारात उतरल्या. त्यांपैकी ऑल्विन-निस्सान काही वर्षांतच महिंद्राकडे गेली, डीसीएम-टोयोटा पुढे देवूकडे. कंपनी गेली तरी गाडी दारात उभीच असते. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले की जवळच्या बाजारात सहज मिळणारे इंजिन तिच्यात चढवणे हाच इलाज उरतो. मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार हे या इलाजाचे औषधालय.

इंजिन चढवणे म्हणजे चार बोल्ट सोडून चार आवळणे नव्हे. नव्या इंजिनाची पाठ आणि जुन्या गिअरबॉक्सचे तोंड जुळत नाही, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट लेथवर कापून बसवतात. तिचा मध्य केसभर चुकला तरी क्लच धडधडतो आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग काही महिन्यांत जाते. डिझेल इंजिन जड. पुढच्या पाट्यांत एखादी पाटी वाढवावी लागते. तेलाचे चेंबर पुढच्या आसाला टेकत असेल तर ते कापून पुन्हा वेल्ड करतात. डिझेलला परतीची नळी लागते, हीटर प्लग आणि मोठी बॅटरी लागते, बंद करायला ओढायची वायर लागते. सगळे जमले तरी गाडी पळत नाही, कारण ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या कमी असतात. त्यासाठी मागच्या आसातले क्राऊन-पिनियन बदलून चाकाची गती जुळवतात. हे सारे गणित कागदावर न मांडता, जुनी उदाहरणे आठवून केले जाते. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या औद्योगिक गाळ्यांमुळे लेथ आणि वेल्डिंगची सोय हाताशी होती, आणि पेल्हारपासून चिंचोटीपर्यंत महामार्गाच्या कडेला गॅरेजांना गिऱ्हाइकाची उणीव नव्हती.

खाऱ्या हवेची गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. मासळीच्या टेम्पोत बर्फाचे खारट पाणी रात्रभर पाटात गळते, तिथून चासीच्या पोकळ पट्ट्यांत उतरते. शेजारी मिठागरे आणि खाडी. अशा ठिकाणी लोखंडी सांगाडा कुजतो तेव्हा तेलात न्हालेले इंजिन आतून ठणठणीत असते. त्याला लाइनर आणि रिंगा बदलल्या, क्रँक घासून दहा-वीसच्या मापाचे बेअरिंग घातले की ते पुन्हा तयार. ज्याचे आयुष्य उरले आहे ते दुसऱ्या देहात घालायचे, एवढा साधा व्यवहार.

पावसाने हेच वेगळ्या रीतीने शिकवले. ९ आणि १० जुलै २०१८ ला वसई-विरार पाण्याखाली गेले. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले आणि अडकलेल्या प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. अशा पुरात सेल्फ मारण्याचा मोह इंजिनाचा घात करतो. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जुना कारागीर आधी नोझल काढतो, क्रँक हाताने फिरवून सिलिंडरमधले पाणी उडवतो, ऑइल दोन-तीनदा बदलतो, डिझेलच्या नळ्यांतली एअर काढतो आणि मगच इंजिन लावतो. जुने इंजिन बहुतेक वेळा या उपचाराने उठते, कारण त्याच्यात पाण्याने मरणारे इलेक्ट्रॉनिक काही नसते.

या कसबाचे कौतुक करताना त्याच्या काळ्या बाजूकडे डोळेझाक करता येत नाही, आणि काळी हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. गॅरेजवाला धुरावरून रोग ओळखतो : निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येते, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. काळा धूर पुष्कळदा मुद्दाम निर्माण केलेला असतो. गाडीत मंजुरीपेक्षा जास्त माल भरायचा तर ताकद हवी, म्हणून पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवायचा आणि डिझेल वाढवायचे. पीयूसीच्या यंत्रापुढे धुराची घनता ६५ एककांच्या आत दाखवायची असते; तपासणीपूर्वी स्क्रू मागे आणि नंतर पुन्हा पुढे, ही युक्ती धंद्यात सर्वांना ठाऊक. जो हात विझलेले इंजिन जिवंत करतो, तोच हा स्क्रू फिरवतो.

वसईत याहून मोठी किंमत पाण्याने मोजली. १९८० च्या दशकात इमारती वाढल्या, पण नळाला पाणी नव्हते. वाड्यांतल्या विहिरींवर पंप बसले आणि पाणी टँकरांनी इमारतींना जाऊ लागले. ज्या डिझेल इंजिनाने भाजीला पाणी पाजले, त्याचाच भाऊबंद आता तेच पाणी उपसून वाहून नेऊ लागला. अतिउपशाने किनाऱ्यालगतच्या विहिरीत खारे पाणी शिरते, हे साधे भूजलशास्त्र आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्या दशकाच्या अखेरीस उभारलेल्या लढ्यात पाणी आणि टँकर हे प्रश्न अग्रभागी होते. समितीच्या इतिहासात बिल्डर आणि राजकारणी येतात. टँकरखालचे इंजिन आणि ते चालू ठेवणारा माणूस येत नाही. त्याला दोषी ठरवावे असे मला वाटत नाही, पण त्या चित्रातून त्याला वगळणेही बरोबर नाही.

आता कायदा. मोटारीतला फेरबदल कळवण्याची अट १९३९ च्या कायद्यातही होती. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आधी मंजुरी घेऊन बदल करण्याला वाव होता. पुढे दुरुस्तीने निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला बंदी आली. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्यात सुरक्षेचा विचार आहे आणि तो रास्तही आहे : वेल्ड केलेला सांगाडा आणि न बदललेले ब्रेक यांच्या जोडीला जास्त ताकदीचे इंजिन देणे धोक्याचेच. तरीही कायद्याने गाडीची ओळख निर्मात्याच्या कागदावर बांधली; मालकाचा अनुभव असा की गाडीचा प्रत्येक भाग वेगळ्या वयाचा असतो. पंधरा वर्षे मोजायची ती चासीची. गेल्या महिन्यात उघडून बांधलेल्या इंजिनाला त्या मोजणीत जागा नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क अनेक पटींनी वाढले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाल्यापासून पेट्रोलशी असलेली जुनी दरीही बुजत गेली. धंद्याचे दोन्ही खांब असे हलले.

तिसरा धक्का इंजिनाच्या आतून आला. जुन्या पंपाची नोझल साधारण शंभर ते अडीचशे बारच्या दाबाने उघडते. हाताने दाबायच्या टेस्टरवर तिचा फवारा डोळ्यांनी पाहता येतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो आणि फवाऱ्याची वेळ संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांनी धूर पुष्कळ कमी केला, आणि श्वास घेणाऱ्याने त्याचे स्वागतच करावे. पण कानाने टायमिंग ओळखणाऱ्याला आता स्कॅनर विकत घ्यावा लागतो, आणि स्कॅनरची परवानगी कंपनीकडून. सेन्सर बदलून गाडी चालू करणारा तरुण मेकॅनिक हुशार असतो. इंजिन मात्र तो क्वचितच उघडतो.

म्हणून एमएच ०४ आणि एमएच ४८ पाट्यांच्या ज्या टेम्पोंना आता रस्त्याचा परवाना मिळत नाही, त्यांचे सांगाडे कापले जातात आणि इंजिने बाजूला काढली जातात. कोणी त्यांना जनरेटर जोडतो, कोणी पाणी उपसण्याच्या पंपाला लावतो. तिथे चासीचा क्रमांक कोणी विचारत नाही. पाया सिमेंटचा, पट्टा कातडी किंवा रबरी, आणि बाजूला ऑइलचा डबा. विहिरीच्या काठावर पहिले इंजिन बसले तेव्हा होते तेवढेच सामान.