इंजिनाचा श्वास आणि मे महिन्यातली हवा

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात एक चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला शंकूच्या आकाराची गाळणी अशी जोडी विकायला असते. तिचे नाव ‘कोल्ड एअर इनटेक’, म्हणजे इंजिनाला गार हवा पुरवणारी नळी. कंपनीने बसवलेली काळी प्लॅस्टिकची पेटी काढून त्या जागी ही जोडी बसवली की गाडीची ताकद वाढते, असे सांगितले जाते. आता वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर घ्या. मे महिन्यात या भागात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि गाडीमागे काळ्या मातीचा नि मुरुमाचा धुरळा उठतो. इथल्या गाडीवाल्याने ही नळी घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी निवडावी? प्रश्न बाजारातला आहे, पण त्याचे उत्तर शोधताना शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. लागणारे गणित मात्र शाळेतलेच आहे.

इंजिन पेट्रोल किती पिते याचा हिशेब सगळे ठेवतात, हवेचा कोणी ठेवत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. १.२ लिटर क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले पोट हवेने भरते. मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर १५०० गुणिले १.२, म्हणजे मिनिटाला १८०० लिटर हवा झाली. तासाला १०८ घनमीटर. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गखोलीत बरोबर एवढीच हवा असते. अर्थात हा हिशेब अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचा.

सिलिंडरचे घनफळ ठरलेले असते, पण त्यात मावणाऱ्या हवेचे वजन ठरलेले नसते. दाब तोच असेल तर वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. जानेवारीतल्या पहाटेचे १२ अंश म्हणजे २८५ केल्विन आणि मेमधल्या दुपारचे ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. २८५ भागिले ३१८ केले की ०.९० येते. म्हणजे तेच इंजिन मे महिन्यात दर श्वासाला दहा टक्के कमी प्राणवायू घेते. उन्हाळ्यात गाडी ‘ओढत नाही’ अशी ड्रायव्हरांची तक्रार असते, ती खोटी नाही.

असे असताना सुरुवातीच्या इंजिनीयरांनी गार हवेच्या मागे लागायला हवे होते. त्यांनी केले नेमके उलट. निकोलाउस ऑटोचे फोर-स्ट्रोक इंजिन १८७६ चे. पुढे १८९० च्या दशकात विल्हेल्म मायबाख याने पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आणला. फवाऱ्यातले पेट्रोल बाष्प होताना हवेतली उष्णता शोषून घेते. माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. युरोपातल्या दमट थंडीत कार्ब्युरेटरमध्ये चक्क बर्फ धरे आणि इंजिन बंद पडे. म्हणून धुराच्या तापलेल्या नळीभोवतालची ऊन हवा इंजिनाला मुद्दाम पाजण्याची सोय पुढे अनेक गाड्यांत केलेली असे. विमानांत तर इंजिन जिवंत ठेवण्यासाठीच ती करावी लागली. तेव्हा ‘गार हवा नेहमीच चांगली’ हे विधान वर्गात कोणी केले, तर कुठे आणि कोणत्या इंधनासाठी, हे जरूर विचारावे.

हवेच्या वजनाची खरी किंमत पहिल्या महायुद्धातल्या विमानांनी शिकवली. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिन दुबळे. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकी इंजिनीयरने लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० वर आले. मग धुराच्या झोतावर फिरणारा पंखा लावून हवा दाबून भरली, तेव्हा ते ३५६ वर गेले. हाच टर्बोचार्जर. दाबलेली हवा तापते (सायकलचा पंप आठवा), म्हणून पुढे तिला गार करणारा इंटरकूलर आला. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत ही जोडी असते, आणि गार हवेची खरी कमाई तिथे आहे.

आपल्याकडे हा धडा वेगळ्याच वाटेने आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथले तेलही गेले. पेट्रोलचे रेशनिंग त्याआधीच सुरू झाले होते. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. देशभर मोटारी आणि बसगाड्यांच्या मागे लोखंडी उभी पिंपे दिसू लागली. त्या कोळशावरच्या मोटारी. पिंपात लोणारी कोळसा बेताच्या हवेत जाळायचा. आधी कार्बन डाय-ऑक्साइड तयार होई आणि तोच लालभडक कोळशांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड बने. हा जळणारा, पण अत्यंत विषारी वायू इंजिनात जाई. (प्रयोग म्हणून हे शाळेत कदापि करू नये.) सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे आधी पंख्याचा दांडा फिरवून निखारा फुलवायचा.

वायूचा निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी नायट्रोजनचा, त्यामुळे गाडीची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटे आणि चढावर उतारूंना खाली उतरावे लागे. उरलेली ताकद टिकवायला दोन गोष्टी कराव्याच लागत. पिंपातून निघणारा वायू शेकडो अंश तापलेला असे. तो नळ्यांमधून फिरवून गार करावा लागे, कारण १०० अंशांवरचा वायू ४० अंशांवरच्या वायूपेक्षा सोळा टक्के हलका असतो. दुसरी गोष्ट गाळण्याची. राख इंजिनात गेली की सिलिंडर झिजलाच. गार करण्यात हयगय झाली तर गाडी हळू चाले, एवढेच. गाळण्यात झाली तर इंजिन उघडावे लागे. माझ्या मते आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली या फरकात आहे.

त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि माल्टा बेटावर ब्रिटिश वायुदल याच पेचात होते. वाळूपासून बचावासाठी स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीची भलीमोठी गाळणी बसवली होती. तिने इंजिन वाचले, पण वेग आणि वर चढण्याची क्षमता घटली. वैमानिक कुरकुरत. तरी गाळणी काढून टाकली नाही. इजिप्तमधल्या अबुकीर इथल्या दुरुस्ती केंद्राने तिच्याऐवजी लहान, आटोपशीर गाळणी घडवली. म्हणजे जिवावरच्या लढाईतसुद्धा ‘गाळणीशिवाय मोकळा श्वास’ हा पर्याय धरला नाही.

आता दुकानातल्या नळीकडे वळू. पहिली गोष्ट, कोणतीही नळी बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देऊ शकत नाही. ऊन्हाने हिरावलेले दहा टक्के तिच्याने परत मिळायचे नाहीत. बॉनेटखालची हवा ७० अंशांवर गेली असेल, तर ती न घेता बाहेरची ४५ अंशांची घेतल्याने घनतेत सुमारे आठ टक्क्यांचा फायदा होईल. पण आजच्या बहुतेक गाड्यांची मूळ नळी पुढच्या जाळीजवळून बाहेरचीच हवा घेते! उलट उघडी शंकूची गाळणी इंजिनाशेजारीच बसवली, तर ती गरम हवा ओढते. नाव ‘कोल्ड’ आणि हवा ऊन. वेगामुळे हवा आत कोंबली जाते, हा दावाही तपासता येतो. ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर वेगाला वाऱ्याचा दाब सुमारे २७० पास्कल येतो. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर. फायदा फार तर पाव टक्का.

शिवाय पेट्रोल गाडीत हा सारा लाभ अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलेला असतानाच मिळतो. एरवी थ्रॉटलची झडप आपणच अर्धवट मिटलेली ठेवतो. मग मायलेज वाढेल कसे?

धुळीचे गणित याहून गंभीर आहे. समजा एक गाळणी ९९ टक्के धूळ अडवते आणि दुसरी ९७ टक्के. कागदावर फरक दोनच टक्क्यांचा, पण इंजिनात जाणारी धूळ तिप्पट. बेसाल्टच्या खडीतले फेल्डस्पारचे कण पोलादी सुरीने ओरखडत नाहीत, आणि पिस्टनच्या कड्यांशी गाठ अशाच कणांची असते. तेव्हा घ्यायचीच असेल तर गाळणीचे क्षेत्रफळ मोठे हवे, ती बंद पेटीत बसणारी हवी आणि धूळ अडवण्याचा चाचणी-आकडा तिच्यावर छापलेला हवा. तेल लावलेल्या सुती गाळणीचे तेल जादा झाले, तर हवा मोजणाऱ्या संवेदकाच्या तापलेल्या तारेवर ते बसते आणि इंधनाचे प्रमाण चुकते. नळीचे तोंड खाली बंपरमागे असेल, तर पावसाळ्यात रपट्यावरून वाहणारे पाणी आत ओढले जाण्याचा धोका असतो. पाणी दाबले जात नाही, पिस्टनचा दांडाच वाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमात गाडीतल्या फेरबदलांवर बंधने आहेत, तीही आधी वाचलेली बरी.

नळी बसवलेली असो वा नसो, एक तपासणी कोणालाही करता येते. इंजिन बंद आणि गार असताना गाळणी काढावी आणि तिच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरा ओलसर कपडा फिरवावा. कपड्यावर मातीचा रंग उतरला, तर धूळ गाळणीतून किंवा तिच्या कडेने आत जाते आहे. मग गार हवेचा विचार बाजूला ठेवून आधी कडेचे रबर आणि नळीवरची पट्टी पाहावी.