सत्तावन्न बाय अठ्ठावन्न

लॅम्ब्रेटा स्कूटरच्या इंजिनात पिस्टन ५८ मिलिमीटर धावतो, हा त्याचा स्ट्रोक. सव्वाशेच्या गाडीत तेवढाच, दीडशेच्या, पावणेदोनशेच्या आणि दोनशेच्याही. एकाच उंचीची, पण लहानमोठ्या तोंडाची भांडी असावीत तसा हा प्रकार. सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, ५२ मिलिमीटर ठेवलं की १२३ सीसी भरतात, ५७ ला १४८, ६२ ला १७५ आणि ६६ ला १९८. मिलानच्या इनोसेंटी कंपनीनं १९५८ ला ‘एलआय’ मालिका काढली, तेव्हापासून हेच गणित. ते माझ्या हातात आलं लखनौला, सरोजिनीनगरच्या मशीन शॉपमध्ये, आणि पुढं निशातगंजच्या गल्लीत त्यावरच माझं घर चाललं.

मी मूळचा साताऱ्याचा. १९७५ ला साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि थोरला भाऊ, आमचा दादा, तिथं चिकटला. प्रिया स्कूटर, तंत्र बजाजचं. मी आयटीआय करून १९७६ मध्ये लखनौला आलो, स्कूटर्स इंडियात. एका घरातले दोघे भाऊ दोन सरकारी स्कूटरींच्या पदरी, आणि दोन्ही स्कूटरी दीडशेच्या म्हणून विकल्या जायच्या. दादाच्या पत्रात एक टोमणा ठरलेला असे: तुमची ती लांबलचक लॅम्ब्रेटा वळते तरी का? मी उलट टपाली कळवायचो की तुझ्या प्रियाचा बोअर ५७ आणि स्ट्रोकही ५७, म्हणजे १४५ सीसी. माझी १४८. तीन सीसीवरून आम्ही कितीतरी आंतरदेशीय पत्रं खर्ची घातली.

खरं तर दोघांचीही दीडशे पूर्ण नव्हती. आमच्या विजय सुपरचं, म्हणजे देशात विकल्या जाणाऱ्या लॅम्ब्रेटाचं, इंजिन दीडशेला पोचायला बोअर ५७.४ व्हावा लागतो. म्हणजे गाडी चार-पाच वर्षं पळाली, सिलिंडर झिजला आणि अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन टाकला, की मग कुठं दीडशेच्या वर जाते. आमचं गिऱ्हाईक हे ऐकून हसायचं, पण बोअरिंगचे पैसे देताना जरा मोकळ्या हातानं द्यायचं.

स्कूटर्स इंडिया १९७२ ला स्थापन झाली. त्याच्या आदल्या वर्षी इनोसेंटीनं लॅम्ब्रेटा बनवणं थांबवलं होतं. इटलीत लोक स्कूटर सोडून छोट्या मोटारींकडे वळले होते. भारत सरकारनं मिलानची यंत्रं, नकाशे, हक्क सगळं विकत घेतलं आणि कानपूर रोडवर सरोजिनीनगरला, लखनौपासून १६ किलोमीटरवर मांडलं. उत्पादन १९७५ ला सुरू झालं. देशात विकायची ती विजय सुपर, परदेशी पाठवायची ती लॅम्ब्रेटा. मुंबईकरांना लॅम्ब्रेटा आधीपासून माहीत होती. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ती तिथं पन्नाशीच्या दशकापासून जोडत होती. पुढं त्यांच्या गाडीचं नाव लॅम्बी झालं.

आता प्रश्न असा की, हाताशी १२५, १५० आणि २०० अशा तिन्ही मापांची यंत्रणा असताना देशासाठी दीडशेच का निवडली? माझ्या मते त्यात निवड अशी फारशी नव्हतीच. रस्त्यावर दीडशेचीच सवय लागलेली होती. बजाजनं १९६० पासून व्हेस्पा १५० बनवली, १९७१ ला पियाज्जिओशी करार संपल्यावर १९७२ ला चेतक काढली, तीही त्याच मापाची. नवरा, बायको, पुढं उभं पोर, मागं मांडीवर दुसरं आणि हुकाला भाजीची पिशवी, एवढा भार सव्वाशेला जड जायचा. दोनशेचा पर्याय पेट्रोलनं मारला. कारखाना विकत घेतला तेव्हाचे तेलाचे भाव आणि पहिली गाडी बाहेर पडली तेव्हाचे भाव यांत जमीनअस्मानाचं अंतर होतं. मध्ये १९७३ चं ऑक्टोबरचं युद्ध झालं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महाग झालं. मग दोनशे आपल्यासाठी नाही, साहेबासाठी. इथं बनलेली जीपी २०० ब्रिटनला जायची, आणि तिथले स्कूटरवेडे ती आजही जपतात. हातानं बनवलेली वस्तू घरात वापरायला मिळू नये, याचं त्या वेळी वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

विजयचं तंत्र राज्यांनाही वाटलं गेलं. गुजरातेत ती गिरनार झाली, आंध्रात ऑलविन पुष्पक. नावं निराळी, आत तेच सत्तावन्न बाय अठ्ठावन्न. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची पाळी होती. ज्याला धीर नसे तो विजय घेई. हजरतगंजकडून सिकंदरबाग चौराहा ओलांडून गोमतीच्या पुलावर आलात की उतारावर निशातगंज लागतं. तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली, दुसरी, तिसरी. बायकोची शाळा जवळ म्हणून आम्ही त्यातल्याच एकीत राहायचो, आणि कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी घरी आलो की शेजारी गाडी घेऊन उभे. ‘भाईसाहब, जरा देख लीजिए.’ तिथून धंद्याची सवय लागली.

बहुतेकांची फर्माईश एकच: हिला दोनशेची करता येईल का? नाही येत. पावणेदोनशेपर्यंतचं सिलिंडर दीडशेच्या क्रँककेसवर थोड्या कामात बसतं. दोनशेला खालचं तोंडच मोठं लागतं, स्टड लांब लागतात, म्हणजे अख्खी केस बदला. पावणेदोनशे तरी का घालावी? भोक पाच मिलिमीटरनं वाढवलं की जास्त मिश्रण जळतं, जास्त उष्णता होते, आणि थंड करायला फ्लायव्हीलवरचा तोच पंखा. जून महिन्यात लखनौचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो. कार्बोरेटरचा जेट वाढवला नाही, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी पडलं, की भर पुलावर पिस्टन सीज. माप वाढवणं हे एका भागाचं काम कधीच नसतं. जेट, सायलेन्सर, क्लचप्लेटी, मागचं गिअरचं गुणोत्तर, सगळी वरात मागून येते. मी परत पाठवलेली गिऱ्हाइकं समोरच्या गल्लीत जाऊन ते करून घेत आणि पावसाळ्याआधी माझ्याकडे परत येत.

मग १९८४-८५ आलं आणि दीडशेचं राज्य दोन वर्षांत डळमळलं. ऐंशी किलोमीटरवर कानपूरला एलएमएलची व्हेस्पा निघाली, ती निदान मापानं आमच्यासारखी होती. पण कायनेटिक होंडा ९८ सीसीची, तीही बटन दाबून सुरू होणारी आणि गिअर नसलेली! हीरो होंडाची सीडी १०० त्याहून लहान: बोअर ५०, स्ट्रोक ४९.५, जेमतेम ९७ सीसी. फोर-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये तेल घालायचं काम नाही, आणि लिटरमागं आमच्यापेक्षा कितीतरी पुढं जायची. तेव्हा दादानं साताऱ्याहून प्रथमच गंभीर पत्र लिहिलं. तीन सीसीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. १९९७ मध्ये सरोजिनीनगरला स्कूटर बनवणं बंद झालं आणि कारखाना विक्रम या तीनचाकीवर जगू लागला. निशातगंजच्या चौराह्यावर इंदिरानगरसाठी ओरडणारे टेम्पो असत, ते हेच. त्यात एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. वेग नको होता, सवारी ओढायची होती. २०२१ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं कंपनीच बंद करायला मंजुरी दिली.

स्कूटर बंद झाल्यावर मी गल्लीत बोअरिंगचं मशीन टाकलं. अजून बसतो.

दादाचा मुलगा ॲरिझोनात असतो. त्यानं एक जुनी कावासाकी जेट स्की घेतलीय, उभ्यानं चालवायची, ५५० ची, इंजिन मेलेलं. ‘काका, कोणतं इंजिन टाकू?’ असं विचारायला त्यानं फोन केला. पाण्यातल्या वाहनाचं मला काय कळतं, असं म्हणणार होतो, पण त्यानं आकडे सांगितले आणि मी कागद ओढला. १९७३ ची पहिली जेएस ४००: बोअर ६५, स्ट्रोक ६०. मग ४४०: बोअर ६८, स्ट्रोक साठच. मग ५५०: ७५ आणि पुन्हा साठ. दोन सिलिंडर धरून ३९८, ४३६, ५३० सीसी. यामाहाच्या सुपरजेटचंही तेच. ६८ चा स्ट्रोक कायम, बोअर ७७ वरून ८१ आणि ६३३ ची ७०१ झाली. इनोसेंटीचीच युक्ती, जपानमध्ये.

फरक एवढाच की पाण्यात उतार नसतो. आमची स्कूटर पुलावरून निशातगंजकडे उतरताना इंजिनाला श्वास घ्यायला सापडतो. जेट स्कीत इम्पेलर पाणी ढकलतच असतो, थ्रॉटल उघडला की पूर्ण भार. आणि उभ्याच्या जेट स्कीत माणूस आधी पाण्यात लोळत असतो. त्याचं वजन ओढून होडी पाण्यावर आणायची तर खालच्या आरपीएमला जोर हवा. थंड करायला मात्र अख्खं तळं. म्हणजे लखनौची भीती तिथं अर्धी होते, आणि भार दुप्पट.

मी त्याला पहिल्यांदा वजन विचारलं. ब्याण्णव किलो. मग ५५० चंच इंजिन बोअर करून बसवण्यात अर्थ नाही, वाढून वाढून किती वाढणार. ७५० घातलं तर जुन्या हलक्या सांगाड्याचं नाक जड, शिवाय पंप त्या ताकदीला अपुरा. कावासाकीचंच ६५० घे म्हटलं: बोअर ७६, पण स्ट्रोक ७०. तिथं त्यांनी इतक्या वर्षांनी स्ट्रोकला हात लावला आणि खालचा जोर त्यातूनच मिळतो. त्याचं उत्तर तयार होतं: तिकडचे लोक जुन्या ५५० मध्ये बहुतेक तेच बसवतात. मग मला विचारलंस कशाला, असं विचारलं तर म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं की सीसीचं काही असलं तर काकाशी भांडून घे. आता तो माउंटिंग प्लेट आणि कपलर जुळवतोय. एक्झॉस्ट सांगाड्याच्या भिंतीला घासतोय म्हणून त्यानं काल फोटो पाठवले, त्यात मोजपट्टी लावलेली नाही. लावून पुन्हा पाठव म्हणून सांगितलंय.